बिनलेबलच्या तबकड्या

ललितने तबकडी गुडघ्यावर धरली, मधल्या गोल कागदावर ओलं फडकं दाबून ठेवलं आणि कागद फुगल्यावर दाढीच्या ब्लेडने तो खरवडायला घेतला. इंग्रजी अक्षरांचा लगदा होऊन खालच्या बादलीत पडत होता. काय लिहिलंय ते त्याने वाचलं नाही. कधीच वाचत नसे. वाचलं की ओठांवर येतं आणि ओठांवर आलं की कतारगामच्या छगनपर्यंत पोचतं, असं त्याचं म्हणणं.

छगनचंही कॅसेटी भरून द्यायचं दुकान होतं. त्याची माणसं गिऱ्हाईक बनून ललितच्या गोडादऱ्यातल्या दुकानात यायची, काउंटरवर वाकून तबकडीचं नाव वाचायची आणि छगन मुंबईहून तीच मागवायचा. एकदा हात पोळल्यावर ललितने हा उपाय काढला होता. नाव खरवडायचं, कोऱ्या जागी पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचा आणि गिऱ्हाइकासाठी आपल्या मनाचं काहीतरी नाव ठेवायचं. एका तबकडीत मशीन डराव डराव करायचं, म्हणून ती 'बेडूक'. मग कतारगामची हिरे घासणारी पोरं रविवारी येऊन म्हणायची, "ललितभाई, पेलुं देडकावाळुं भरी आपो ने!" ते बेडकाचं तेवढं भरून द्या.

आणि ही गाणी तरी कसली! ना गाणारा, ना शब्द. नुसता ठोका आणि ठोक्याखाली कुठेतरी खोल घुमणारा आवाज. गोपाल त्याला फोनवर कधी डीप हाउस म्हणायचा, कधी ॲसिड हाउस. दोन्हींतला फरक ललितला कधी कळला नाही. अख्ख्या सुरतेत हा माल आपल्याकडेच मिळतो एवढं त्याला कळत होतं, आणि तेवढ्यावर तो खूश होता.

माल गोपालमुळे यायचा. दोघं सुरतेतल्या एकाच खानदेशी गल्लीत वाढले, एकाच खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूमवर लागले. बाप गेल्यावर गोपालने लूम सोडलं, हिऱ्याच्या एका शेठकडे वरकामाला राहिला आणि शेठच्या कुटुंबाबरोबर थेट बेल्जियमला, अँटवर्पला गेला. तिथे सुटीच्या दिवशी तो तबकड्यांच्या एका दुकानात झाडलोट करायचा. हौशी पोरांनी थोड्याच छापलेल्या, बाजारात कुठे न दिसणाऱ्या नव्या तबकड्या त्याच्या हाती लागायच्या. शेठकडचं कोणी सुरतेला निघालं की त्यांच्या सामानात ललितसाठी एक गठ्ठा असायचाच.

या गठ्ठ्यातली शेवटची तबकडी खरवडून झाली आणि शेजारच्या एसटीडी बूथवरून प्रदीप ओरडला.

"ललित, पळ! तुझं बेल्जियम आलंय लाइनवर!"

ललित तसाच ओल्या हातांनी धावला.

"गठ्ठा पोचला?" गोपालने विचारलं.

"पोचला की. आत्ताच सोडला."

"मग? बघितलं?"

"काय?"

"अरे येड्या, त्यात एक माझी आहे! मी बनवलेली! मशिनी इथल्या एका पोराच्या, पण केलं सगळं मी. वर नाव छापलंय माझं. मुद्दामच सांगितलं नव्हतं. म्हटलं, नाव वाचून तू उडशील."

कागदाचा लगदा ललितच्या बोटांना अजून चिकटलेला होता. त्याने तो पँटला पुसला.

"बघितलं," तो म्हणाला. "बघितलं ना. उडालोच मी."

"कशी झालीय?"

"एक नंबर!"

"मायला ऐकव. आणि ऐकून ती काय म्हणते ते मला सांग. तसंच्या तसं सांग हां."

एवढंच सांगायचं होतं, की बाबा, मी नाव खरवडून बसलो, तुझी कोणती ते तूच सांग. गोपालने दोन शिव्या हासडल्या असत्या, हसला असता आणि सांगून मोकळा झाला असता. पण त्याचा आवाज इतका आनंदात होता की ललितची जीभच उचलेना. मित्राचं नाव जन्मात पहिल्यांदा कुठेतरी छापून आलं आणि आपण ते ब्लेडने उडवलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दुकानात येऊन त्याने बादलीत हात घातला. पिठात सांडलेलं मीठ निवडायला बसावं, तसला तो उद्योग होता. शेवटी त्याने पाणी गटारीत ओतलं.

मग त्याने सगळ्या तबकड्या एकेक करून लावल्या. पहिली ऐकली, दुसरी ऐकली आणि तिसरीला तो खुर्चीतून उठलाच. खटक खट, खटक खट. लूम! धोटा इकडून तिकडे पळावा तसा ठोका, वर मशिनीची किरकिर. लूमवाल्याचा पोरगा दुसरं काय बनवणार? हीच ती! त्याच्या जिवाचा घोर एकदम गेला. बाकीच्या त्याने ऐकल्या न ऐकल्यासारख्या केल्या. त्यांतल्या एकीत तर जवळजवळ काहीच नव्हतं, तिला त्याने 'रिकामी' असं नाव देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याने गोपालच्या आईला, भागीरथीमावशीला, दुकानात बोलावलं. ती पदर सावरून स्टुलावर बसली. तबकडी फिरायला लागली तशी ती आधी हसली, मग तिने पदर डोळ्यांना लावला.

"हाई ते यास्नं लूम शे," ती म्हणाली. यास्नं म्हणजे तिच्या नवऱ्याचं, लोटूअप्पाचं. माणूस उभा जन्म लूमपुढे उभा राहिला आणि एके दिवशी तिथेच खाली बसला तो उठलाच नाही. "मना पोऱ्या इतला दूर ग्या, पन बापले भुलना नही."

ललितने तिला ते कॅसेटवर भरून दिलं. गोपालचा पुन्हा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं, की मावशी रडली.

"रडली?" गोपालने पुन्हा विचारून घेतलं. "म्हणजे तिला समजलं रे," तो म्हणाला.

पुढे दोन वर्षं ती कॅसेट गल्लीत वाजत राहिली. दारात कोणीही आलं, की चहाच्या आधी कॅसेट. गल्लीतल्या निंबाच्या लग्नात हळदीला वाजली. शेजारची सुभद्राबाई कुरकुरायची, "दिवसभर खात्यात तेच, घरी येऊन पुन्हा तेच, कान आहेत का काय!" तर मावशी तिला म्हणायची, तुझ्या पोराने बापासाठी काय केलं ते सांग आधी. ललित हे सगळं बघायचा आणि मनाशी म्हणायचा, झालं ते बरंच झालं.

श्रावणात घरोघर खानदेशची कानबाई देवी बसली आणि त्या वर्षी रोटाला, तिच्या नैवेद्याच्या जेवणाला, गोपाल आला. इतकी वर्षं मावशी रोटाच्या गव्हांत घरच्या माणसांबरोबर त्याच्याही नावाची मूठ टाकत होती. आता तो समोर पाटावर बसला होता, अंगाने भरलेला, केस मानेवर वाढलेले. भाऊबंद जमले, आरती झाली. मावशीने मोठ्या हौसेने टेप पुढे ओढला.

"आते मना गोपालनं गानं ऐका."

खटक खट सुरू झालं. गोपालने मान वर केली. तो हसत आईकडे बघत होता, ते हसू हळूहळू उतरलं. त्याने भिंतीशी बसलेल्या ललितकडे बघितलं. ललितला काय ते समजलं. मावशी सगळ्यांना सांगत होती, की यात त्याचा बाप आहे, नीट ऐका, बाप आहे. मग गोपालकडे वळून तिने विचारलं, "शे ना रे?"

"शे, माय," गोपाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. ललितने काही लपवलं नाही. फडकं, ब्लेड, बादली, फोन, सगळं सांगितलं. सांगताना त्याला रडू आलं आणि ते त्याने आवरलंही नाही.

"मला वाटलं, तू लूमच करणार."

"लूम?" गोपाल म्हणाला. "अरे, तो आवाज कानातून जावा म्हणून तर मी एवढ्या लांब पळालो. अप्पा त्या आवाजात गेले. मी हाक मारत होतो, त्यांना ऐकूसुद्धा आली नाही."

ललित तबकड्यांच्या फळीकडे वळला.

"माझी लाव," गोपाल म्हणाला.

ललित त्या गठ्ठ्यातली एकेक तबकडी लावत गेला आणि गोपाल मान हलवत गेला. ललितने 'पाण्याची टाकी' नाव ठेवलेली ती नाही. एकीवर सुई टेकली आणि गोपालची मान हलायची थांबली. ती 'रिकामी' होती. या दोन वर्षांत ललितने ती कोणालाच भरून दिली नव्हती, कोणी मागितलीही नव्हती.

लांबून यावा तसा एक मऊ ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग खालून एक जाड, संथ सूर, पुन्हा काही नाही.

"गल्लीतली लाइट जायची, आठवतं?" गोपाल हळू आवाजात म्हणाला. "सगळी लूमं एकदम बंद व्हायची. मग अप्पा घरी येऊन बसायचे आणि दोन शब्द बोलायचे. तेवढंच काय ते बोलायचे. ते धरायला बघत होतो मी. माय रडली असं तू म्हणालास, तेव्हा वाटलं, धरलं आपण."

ललित मान खाली घालून ऐकत राहिला. आता त्याला ऐकू येत होतं. काहीच नाही असं त्याला वाटलं होतं, तिथे एक माणूस बसलेला होता. इतके दिवस ही तबकडी त्याच्याच फळीवर पडून होती.

"मावशीला बोलावून आणतो," तो उठत म्हणाला. "मी सांगतो सगळं. चूक माझी आहे, मीच सांगतो."

पण मावशीच दारात उभी होती. पोरगा जेवायला आला नाही म्हणून ती त्याला बघायला आली होती. चौकटीला टेकून तिने थोडा वेळ ऐकलं.

"हाई कोनं शे रे?" तिने विचारलं. "यामा ते काहीच नही. जीव घाबरस मना. बंद करा हाई, आपला गोपालनं लावा."

ललितने तोंड उघडलं. गोपालने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून वाकून सुई उचलली.

"कोनं तरी शे, माय. असंच."

मावशी स्टुलावर बसली. ललितने लूमवाली तबकडी काढली आणि लावली. खटक खट, खटक खट. मावशीचा हात मांडीवर ठेका धरायला लागला.

"आवाज वाढाव ना थोडा," ती म्हणाली.

गोपालनेच तो वाढवला.