मस्कतचा शिक्का

मी एक जुना पासपोर्ट आहे. निळ्या पुठ्ठ्याचा, एका कडेला जळलेला. मित्रांनो, माझा अवतार बघून नाक मुरडू नका. नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात मी छापला गेलो, आणि माझ्या आत राष्ट्रपतींच्या नावानं लिहिलं आहे की या माणसाला अडवू नका, लागेल ती मदत करा. त्याची घमेंड मला होतीच, खोटं कशाला बोलू?

माझा मालक मल्हारी. वणीजवळच्या एका गावचा. १९७८ साली तो मस्कतला बांधकामावर सळया वाकवायला गेला. त्याच गावच्या बौद्धवाड्यातला फकिराही त्याच तुकडीत होता. दोघांना एकच खोली मिळाली. मला वाटलं, गाव मागे राहिलं. कसलं काय! मल्हारीनं सगळं बरोबर आणलं होतं. खोलीत पिण्याच्या पाण्याचं एकच पिंप होतं. त्याला फकिरानं शिवायचं नाही, कुणी वरून ओतेल तेव्हा प्यायचं, हा गावचा नियम त्यानं तिथंही लावला. फकिरा वर्षभर निमूटपणे बाहेरच्या नळाचं तापलेलं पाणी प्यायला.

मजुरांचे पासपोर्ट ठेकेदार स्वतःकडेच ठेवायचा; मल्हारी रजेवर निघाला त्या दिवशी त्यानं मला मल्हारीच्या ताब्यात दिलं. मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतो. भर दुपारी फकिरा उन्हानं झोकांड्या खात खोलीत आला आणि त्यानं सरळ पिंपात पेला बुडवला.

"बाटवलंस," मल्हारी म्हणाला.

फकिरा घटाघटा पाणी प्यायला. "हितं कसला बाट? हे काय आपलं गाव नाय."

मल्हारीनं दाराजवळची सळई उचलली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. फकिरा पिंपाला धरून कोसळला, पिंप आडवं झालं. तो त्या पाण्यात पडल्यावरही मल्हारी मारतच राहिला. कवटी फुटल्याचा आवाज मी ऐकला आहे. उडालेलं रक्त खिशातून झिरपत माझ्या पुठ्ठ्यापर्यंत आलं. मला किळस आली, पण मला कुठे पळता येतं?

खोलीतला तिसरा मजूर, सिन्नरकडचा सहादू, दारात थिजला होता. मल्हारीनं सळई त्याच्या गळ्याला लावली. "बोललास तर तुझा बी मुडदा पाडीन." त्याच संध्याकाळी विमानतळावर माझ्या पानावर शिक्का बसला, तारखेसकट. पोलिसांची भानगड नको म्हणून, फकिरा परांचीवरून पडून मेला, असं ठेकेदारानं त्याच्या घरी कळवलं.

गावात माझा केवढा थाट! खंडेनवमीला मल्हारीच्या आईनं, कुसाबाईनं, विळ्या-कोयत्यांच्या रांगेत मलाही मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं. पोटाला देतं ते हत्यार, असा तिचा हिशेब.

वर्षानं सहादू परतला आणि थेट फकिराच्या बायकोकडे, चांगुणाकडे गेला. सगळं ऐकून चांगुणा ठाण्यात गेली. फौजदार म्हणाला, "बाई, गुन्हा तिकडचा, कायदाही तिकडचा. आम्ही काय करणार?" इकडे मल्हारी पारावर छाती फुगवून सांगायचा, "दर्यापल्याड आपला कायदा चालत नाय." माझं डोकंच फिरायचं. अरे, मग मला खिशात घालून कशाला गेला होतास? मदत हवी तेव्हा भारताचा, आणि मुडदा पाडला की कुणाचाच नाही?

नाशिकच्या एका वकिलानं चांगुणाला खरं काय ते सांगितलं. भारताच्या नागरिकानं जगात कुठंही गुन्हा केला तरी इथला कायदा त्याला लागू होतो. फक्त खटल्याआधी दिल्लीची परवानगी लागते. ती मिळायला तीन वर्षं लागली. रोजंदारी बुडवून चांगुणा हेलपाटे घालत राहिली. नवऱ्याला परांचीनं नाही, माणसानं मारलं, एवढं तिला सरकारी कागदावर हवं होतं.

परवानगी आली तसा मल्हारी म्हणू लागला, "फकिरा मेला त्याच्या आठ दिवस आधीच मी निघालो व्हतो." त्याचं खोटं फक्त माझ्या पानावर उघडं पडणार होतं. म्हणून त्यानं मला चुलीत फेकलं. कुसाबाईनं हात घालून मला ओढलं. "पुजलेलं हत्यार चुलीत घालतो व्हय?" मल्हारीनं तिच्या पोटात लाथ घातली. ती पडली, पण मला सोडलं नाही.

पोलीस आले. "हरावला," मल्हारी म्हणाला. कुसाबाई भिंतीला धरून उठली आणि तिनं भाजलेल्या हातानं मला देव्हाऱ्यामागून काढून दिलं. "मी पुजलंय त्याला. त्याच्याम्होरं खोटं नाय बोलायची."

१९८४ साली नाशिकच्या कोर्टात माझं पान उघडलं गेलं. शिक्क्यातली तारीख आणि फकिराच्या मृत्यूची तारीख एकच होती. सहादूनं पाहिलेलं सगळं सांगितलं. मल्हारीला जन्मठेप झाली.

कारकून मला फडक्यात बांधत होता, तेव्हा कुसाबाई चांगुणासमोर येऊन उभी राहिली. "मारायला मी नाय शिकवलं, बाई. पर आपल्या पाण्याला त्याला शिवू देऊ नको, हे निघताना मीच सांगितलं व्हतं." चांगुणा तिला वळसा घालून कोर्टाच्या पायऱ्या उतरून गेली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही परदेशी जाल. पासपोर्ट जपा, भिजवू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतील. कायदा तर न बोलावता तुमच्याबरोबर येणारच आहे. मी एवढंच सांगतो, निघण्याआधी पेटी उघडा आणि घरच्यांनी तीत काय काय भरून दिलंय ते नीट बघून घ्या.