उघडं जाळं

तौनो रेकोलाने सतरा वर्षं आइस हॉकीत गोलचं जाळं राखलं, पण गावाने लक्षात ठेवला तो बारा वर्षांपूर्वीचा एकच सामना, ज्यात तो ऐनवेळी जाळ्यात नव्हता. शेवटच्या मिनिटाला प्रशिक्षकाने त्याला बाकड्यावर बोलावून चढाईला एक जास्तीचा खेळाडू उतरवला, आणि समोरच्यांनी निम्म्या मैदानातून चकती रिकाम्या जाळ्यात सरकवली. तेव्हापासून रिंकच्या उपाहारगृहातली आयला कॉफी ओतताना हटकून विचारायची, "तौनो, घराचं दार तरी लावून आलास ना?"

आता तो महिला संघाचा प्रशिक्षक होता. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पिछाडीवर असताना गोलरक्षकाला बाहेर काढायची वेळ आली की त्याची जीभच उचलायची नाही. यंदा तीन सामने त्याने त्यापायीच घालवले. आजचा शेवटचा. ठरलेल्या वेळेत बरोबरी झाली तरी मिळणाऱ्या एका गुणावर संघ वरच्या गटात टिकणार होता. तोही गुण हुकला तर महिला संघ बंद, असं अध्यक्षांनी बजावलं होतं.

दीड मिनिट उरलं. दोन-एक अशी पिछाडी. सहायक प्रशिक्षक मार्केटा हिने दोनदा कोपराने ढोसलं, तरी तौनो मख्ख उभा. एवढ्यात गोलरक्षक इलोना आपणहून जाळं सोडून सुसाट बाकड्याकडे आली.

"तुला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही. तुझी वाट बघत बसले असते तर पुढचा हिवाळा उजाडला असता." ती कठडा ओलांडून आत आली. "मला बाहेर यायला काही वाटत नाही, कोच. वाटतं ते तुला. आता पाठव कुणाला तरी."

त्याने बाकड्यावरच्या सान्नाला बर्फावर पिटाळलं. लगेच समोरच्यांनी मारलेली चकती रिकाम्या जाळ्याकडे घरंगळत निघाली. तौनोने डोळे मिटले. टण्ण आवाज आला. चकती खांबाला लागून बाहेर गेली होती. इलोना शांतपणे पाणी पीत होती.

एकोणीस सेकंद उरले असताना सान्नानेच गोल केला. तौनोचा जीव भांड्यात पडला. जादा वेळेत ते हरले, पण बरोबरीचा गुण पदरात पडला होता, त्यामुळे त्याचं कुणाला सुतक नव्हतं.

आयलाने कॉफी ओतली आणि नेहमीचं विचारलं.

"नाही," तौनो म्हणाला, "आज सताड उघडं टाकून आलो." आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्या प्रश्नावर तो स्वतःच हसला.