चोरखटका

"मारा सेल्फ, अण्णा!" बॉनेटमध्ये डोकं घातलेल्या तन्वीर मेकॅनिकने आवाज दिला.

बद्रीनाथांनी चावी फिरवली. गाडी खाकरली, थरथरली, पण इंजिनाने काही धरलं नाही.

"बस, बस, नक्को. बॅटरी बसंल."

"बॅटरी नवी हाय," बद्रीनाथ म्हणाले. सकाळपासून हे ते कुणी न विचारता सगळ्यांना सांगत होते.

पडेगावातल्या त्या गल्लीत एव्हाना बघे जमले होते आणि त्यातला प्रत्येक जण जन्मजात इंजिनियर होता. एकाने पेट्रोल तपासायला सांगितलं, दुसऱ्याने लिंबू उतरवायला. बद्रीनाथांच्या मुलाने, नवरदेव गोकुळने, इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या सारून दोनदा धक्काही मारून पाहिला. पाचोडला त्याचा साखरपुडा होता. पाहुण्यांची जीप केव्हाच पुढे गेली होती आणि मुलीच्या मामाचा फोन थांबत नव्हता. "निघालो, निघालो," असं गोकुळ दारातच उभा राहून सांगत होता.

पण त्याच्या कपाळावरची आठी नुसती साखरपुड्याची नव्हती. मागच्या महिन्यात बद्रीनाथ बिडकीनला म्हणून निघाले आणि दौलताबादच्या किल्ल्याखाली जाऊन उभे राहिले. आयुष्यभर पर्यटकांना घेऊन त्याच रस्त्याने गेलेला माणूस. बैल गोठ्याकडे वळावा तशी गाडी वळली असेल, म्हणून त्यांच्या बायकोने, पारूबाईंनी, ते हसण्यावारी नेलं. गोकुळ हसला नाही. "अण्णा, आता यापुढं एकदा जरी असं झालं, तर चावी माझ्याकडं," तो म्हणाला होता. चावी जाणं म्हणजे काय, ते ड्रायव्हरलाच विचारावं. त्या दिवसापासून बद्रीनाथ चावी उशाखाली घेऊन झोपत.

आज ते एका जागी ठरत नव्हते. उतरत, चाकाला लाथ मारत, पुन्हा बसत. बसले की डावा हात आपसूक दोन सीटांमधल्या फटीकडे जाई आणि तसाच परत येई. काहीतरी करायचं राहतंय एवढं कळत होतं, काय ते आठवत नव्हतं. आपलाच हात आपल्याला काही सांगतोय आणि आपल्याला ते कळत नाही, याची त्यांना भीती वाटू लागली होती.

"अण्णा, पंपच बोलत नाय," तन्वीर हात पुसत म्हणाला. "चावी दिली की मागं घूंऽ असा आवाज यायला पायजे. पेट्रोल चढतच नाय. करंट मधीच तुटलाय कुठंतरी. सीटा काढून तार बघावी लागंल."

"काढ मग लवकर," गोकुळ म्हणाला. "नायतर मी आपला रिक्षानं जातो."

उंबऱ्यावर पैठणी सावरत बसलेल्या पारूबाईंनी चटकन मान वर केली. करंट मध्येच तोडल्याची भाषा त्यांनी पूर्वी ऐकली होती. गाडी एकदा चोरीला गेली आणि चार दिवसांनी कुणाच्या तरी उसात सापडली, तेव्हा तन्वीरच्या वडिलांनी, कमरोद्दीन मिस्त्रींनी, सीटांमधल्या फटीत एक चोरखटका बसवून दिला होता. तो दाबल्याशिवाय पंपाला करंट नाही, चोराने कितीही सेल्फ मारो. "आता गाडी फक्त धन्याची, वहिनी," मिस्त्री म्हणाले होते. मिस्त्री आता नव्हते; तन्वीर तेव्हा लहान होता. आणि गोकुळला तर बद्रीनाथांनी पत्ताच लागू दिला नव्हता. पोराच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. गाडीला हातही लावू देत नसत. निघताना खटका चालू, उभी केली की बंद. पारूबाई शेजारी बसून हे इतकी वर्षं बघत आल्या होत्या.

सीट निघाली की खटका दिसणार होता. चोरासाठी लावलेल्या सापळ्यात बद्रीनाथ स्वतःच सापडले, हे मग गल्लीभर व्हायला कितीसा वेळ? आणि चावी तर गेलीच.

पारूबाई उठल्या. "माझे गुडघे लई दुखायलेत. मी बसते बाई गाडीत."

"आई, सीट काढायचीय ना!"

"काढ की. मी काय जन्मभर बसते व्हय हितं?" असं म्हणत त्या डाव्या सीटवर बसल्या आणि पदर फटीवर पसरला. पदराखाली टक् झालं.

"अहो, मारा की एकदा."

नेमका त्याच वेळी तन्वीर फ्यूजच्या डब्यावर पान्ह्याने ठोकत होता. इंजिन एका दमात सुरू झालं. "बोललो होतो ना! डबाच लूज होता," तो ओरडला. असं तो बोलला नव्हता, पण बघ्यांनी त्याची पाठ थोपटली.

आडूळला गोकुळ हार घ्यायला उतरला. इंजिन चालूच होतं.

"तू दाबलास," बद्रीनाथ म्हणाले.

"काय?"

"खटका." त्यांनी फटीकडे बोट दाखवलं. "दाबायचा इसरलो असतो तर काय नव्हतं, पारू. पण असा खटका हाय, हेच मला आठवलं नाय. मीच बसवून घेतलेला."

"होतं कधीमधी. घाईत होता तुम्ही."

"आन् उद्या ब्रेक इसरलो तर? तुम्ही दोघं गाडीत असताना?"

"ब्रेक कोण इसरतं," पारूबाई म्हणाल्या. पण त्यांना रडू आवरेना, म्हणून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

पाचोडला गाडी लावताना बद्रीनाथांनी खटका आठवणीने बंद केला आणि बंद झालाय ना, ते पुन्हा चाचपून पाहिलं. साखरपुडा छान झाला. व्याह्यांशी ते हसून बोलले, दोनदा जिलबीही घेतली.

ऊन कलल्यावर सगळे निघाले. गोकुळ सवयीने मागचं दार उघडत होता, तेव्हा बद्रीनाथांनी त्याच्या तळहातावर चावी ठेवली.

"चालव."

"मी? अण्णा, सकाळचं मनावर घेऊ नका."

"चालव म्हणलं ना."

पारूबाई मागे जाऊन बसल्या. गोकुळने सेल्फ मारला. इंजिन धरेना.

"झालं! परत तेच."

बद्रीनाथांनी त्याचा डावा हात धरला आणि सीटांमधल्या फटीत नेला. "हितं. दाब."

टक्. चावी पुन्हा फिरली आणि मागे पंप घूं करून बोलला. गोकुळ वडिलांकडे बघत राहिला, मग आरशातून आईकडे. सकाळचा सगळा घोळ त्याच्या ध्यानात येत गेला.

"कुणाला सांगू नको," बद्रीनाथ म्हणाले.

खटक्याचं, की दुसरं काही, हे गोकुळने विचारलं नाही. "नाय सांगत, अण्णा."

गाडी हमरस्त्याला लागली. स्वतःच्या गाडीत डाव्या सीटवर बद्रीनाथ आज पहिल्यांदाच बसले होते. पुढे ट्रक आला, म्हैस आडवी आली, की त्यांचा उजवा पाय समोरच्या मोकळ्या पत्र्यावर दाबला जाई. पडेगाव येईपर्यंत तो एकदाही ब्रेक विसरला नाही.