चिखलफळी

घोडागाड्या बांधण्यात मिस्त्रींची हयात गेली होती. त्यांच्या कारखान्याची एक रीत होती : गाडी दारात आली की आधी जनावराला पाणी, मग मालकाशी बोलणं. गावातल्या डॉक्टरांनी वर बॉडी बांधून घ्यायला माणसं लावून मोटारीचा उघडा सांगाडा ढकलत आणला, त्या दिवशीही मिस्त्रींनी सवयीने बादली भरून पुढे ठेवली होती, आणि दोघंही पोट धरून हसले होते.

पण काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गिऱ्हाइकं एकेक करून मोटारींकडे वळत होती. ही बॉडी डॉक्टरांच्या पसंतीला उतरली तर कारखाना तरणार होता, नाहीतर कुलूप ठरलेलंच. मिस्त्रींनी जीव ओतून सागाची चौकट जुळवली, चामड्याची बैठक चढवली, आणि हात सरावलेला म्हणून पुढे चिखलफळीही ठोकली. टापांनी उडालेला चिखल बसणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून बग्गीला उभी फळी असते, तीच.

"अहो, इंजीन तर बैठकीखाली आहे. पुढे घोडाच नाही, मग चिखल उडवणार कोण?" बायकोला हसू आवरेना.

मिस्त्री ओशाळले. पण फळी काढायची तर पुढचा सगळा भाग उसकटावा लागणार, आणि डॉक्टर तर येऊन ठेपलेले. ते मोटार घेऊन चक्कर मारायला गेले तेव्हा मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला.

डॉक्टर परतले ते हसतच. "झकास, मिस्त्री! माझ्या भावालाही अशीच बांधून द्या. आणि ही फळी विसरू नका हं, नाहीतर आज माझ्या कपड्यांचं काही खरं नव्हतं."

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर घरात जाऊन बसल्यावर ते कौतुकाने मोटारीभोवती फिरले. चारही चाकं कोरडी, धुळीने माखलेली होती. कित्येक दिवसांत पाऊस नव्हता. फळीवर मात्र खालपासून वरपर्यंत ओल्या चिखलाचे गोळे थापले होते. असा चिखल त्यांनी जन्मभर पाहिला होता. त्यांनी तो फडक्याने निगुतीने पुसला आणि बादली भरून फळीपुढच्या मोकळ्या जागेत ठेवली.

"अहो, येताय ना? डॉक्टर वाट बघताहेत," बायकोने आतून हाक मारली.

बादलीतलं पाणी हलत हलत खाली चाललं होतं.

"आलोच," मिस्त्री समाधानाने म्हणाले, "पिऊन होऊ दे."