गुडघ्याचा फर्मा

ओली फळी वापरली तर खोका प्रवासात आकसतो.

लॉट सत्तेचाळीस. बसलेली स्त्री, दगड. उजवा गुडघा झिजलेला, किरकोळ दोष.

फॉर्म काळ्या शाईनेच भरावा.

“बाबा, पेपरात त्या मूर्तीचा फोटो आला म्हणून तुम्ही कशाला धावताय?”

लिलाव परदेशात, आज आपल्याकडच्या चार वाजता.

पावणेतीन झाले होते. वारसा खात्याच्या तिसऱ्या खिडकीशी म्हातारा सुतार काखेत एक फळी धरून उभा होता. शेजारी त्याची मुलगी, शाळेतून अर्धा दिवस रजा टाकून आलेली. आधीच्या दोन खिडक्यांनी त्यांना एकमेकींकडे टोलवलं होतं.

“निळ्या शाईनं भरलंय,” कारकून म्हणाला. “पुन्हा भरा.”

“पेन दुसऱ्या खिडकीनं दिलं,” मुलगी म्हणाली. “तुमच्याच ऑफिसचं.”

“ते त्यांचं. ही फळी कसली, आजोबा?”

“फर्मा. खोक्यात मूर्ती हलू नये म्हणून तिच्या अंगाच्या आकारानं लाकूड कापावं लागतं, त्याचा नमुना. ही मूर्ती मीच पॅक केली होती. हा गुडघ्याचा.”

कारकुनानं लिलावाचा कॅटलॉग पाहिला. “गुडघ्यात दोष आहे म्हणे.”

“दोष कसला? विहिरीवर होती ती. घागर उचलताना बायका तिथं हात टेकायच्या. आणून देणाराच हसत सांगत होता.”

कारकुनानं फर्मा उलटा केला. मागं पेन्सिलीनं तारीख होती. तो पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसला.

“मूर्ती देशाबाहेर न्यायला बंदी आली, त्यानंतरची आहे. आधीची असती तर विक्री कायदेशीर. आमचा दावा या तारखेवरच उभा राहील.” त्यानं आवाज उतरवला. “तुमच्यावरचा खटलाही.”

मुलीनं बाबांना बाकाकडे ओढलं आणि पर्समधून खोडरबर काढला.

“पुसा. शेठनं सांगितलं ते तुम्ही केलंत. शेठ गेला, त्याची मुलं बंगल्यात लोळतायत, आणि तुम्ही या वयात कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार?”

“खिळे शेठनं नव्हते ठोकले.”

“तुमच्यापुढं डोकं फोडून घ्यावं नुसतं.”

“आधी काळं पेन दे.”

तिनं दिलं. आदळूनच दिलं.

स्कॅनर दोनदा अडकला. तीन चाळीसला लिलाववाल्यांना ईमेल गेली. चाराला पाच कमी असताना लॉट सत्तेचाळीस मागे घेतल्याचं उत्तर आलं. कारकुनानं फर्म्यावर लेबल चिकटवलं.

“घरी नोटीस येईल. न सांगता कुठं जाऊ नका.”

“मी कुठं जातोय? फर्मा तेवढा द्या. ती परत येताना खोका लागेल.”

“पुरावा परत मिळत नाही.”

“मग माप तरी उतरवून घ्या. गुडघ्यापाशी लाकूड अर्धा इंच जास्त जाड लागतं.”

कारकुनानं निळ्या पेनानं लिहून घेतलं.

मूर्ती पॅक केली त्या वर्षी, झाकण ठोकायच्या आधी, सुतारानं मूर्तीच्या गुडघ्यावर हात ठेवून पाहिला होता. तळहात बरोबर बसला होता.