कोंडलेल्या बॅटरीचा सूड

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी एक जुनी, पोट फाटलेली बॅटरी आहे. लाखांदूरच्या भंगारवाल्याकडे पडून आहे. माझ्या अंगातले ॲसिड अजून सुकलेले नाही, आणि रागही नाही.

भारनियमनाच्या काळात लाखांदूरजवळच्या एका खेड्यातल्या बायकांच्या भजन मंडळाने मला आणले. संध्याकाळी भजनाच्या वेळी वीज नसेच; माझ्या जोरावर भोंगा चाले. मी, भोंगा आणि माइक मंडळाच्या प्रमुख विमलाबाई यांच्या घरी राहत असू, पण माझी काळजी घेई ती त्यांची शेजारीण रुखमिणी. ती वेळेवर माझ्यात बॅटरीचे पाणी भरी, टोकांवर साचलेली पूड पुसून व्हॅसलीन लावी. तिचा आवाज गोड, पण फार बारीक होता. माझ्यामुळे तो तळ्याच्या पाळीपर्यंत पोहोचे. मला त्याचा अभिमान वाटे.

एकदा लाखांदूरला भजन स्पर्धा झाली. विमलाबाईही गायल्या होत्या, पण उत्तम गायिका म्हणून रुखमिणीचे नाव पुकारले गेले. परतताना एसटीत विमलाबाई साऱ्यांपासून दूर, पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. घरी आल्यावर त्यांनी मला मागच्या खोलीत ठेवले आणि कुलूप लावले. पुढच्या भजनाला बायका मला न्यायला आल्या, तेव्हा त्यांनी बॅटरी खराब झाल्याचे सांगितले. मी खराब झाले नव्हते. दाराआडून मी सारे ऐकत होते.

बायकांनी रुखमिणीला सांगितले, तूच जाऊन माग.

"सडू दे तिच्याच घरी," ती म्हणाली. "मी नाही मांगत."

राग दोघींचा, आणि कोंडले मात्र मला. भोंग्यावाचून रुखमिणीचा आवाज मागच्या बायकांनाही ऐकू जाईना. हळूहळू मंडळ मोडले.

मित्रांनो, बॅटरी नुसती ठेवली तरी झिजते. माझी वीज आपोआप ओसरली. पाणी बरेच आटले, तळाशी ॲसिड उरले. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा, कडक थर बसला. टोके कुजली, पोट फुगले, कडेला चीर गेली आणि ॲसिड पाझरून फरशीला डाग पडले. मला कोंडणाऱ्या हाताची मी वाट पाहू लागले.

काही वर्षांनी विमलाबाईंच्या नातीचे बारसे ठरले. आपण गायचे, आणि शेजारच्या अंगणात बसून रुखमिणीने ते ऐकायचे, असे त्यांच्या मनात होते. विजेचा भरवसा नव्हता. त्यांनी मला बाहेर ओढले. मुलगा भुपेंद्र म्हणाला, ही फुगली आहे, आधी मिस्त्रीला दाखवू.

"कायले? गावाले दिसन मंग," विमलाबाई म्हणाल्या.

खराब सांगून कोंडलेली बॅटरी कोणाला दिसू नये, म्हणून खिडकी लावून त्यांनी त्याच खोलीत मला चार्जरला जोडले. मी तापत गेले. माझ्यातून निघणारा वायू खोलीत कोंडला. दुपारी त्या पाहायला आल्या आणि चार्जर चालू असतानाच त्यांनी माझ्या टोकाला लावलेला चिमटा ओढला. ठिणगी पडली. मी फुटले, आणि माझे ॲसिड त्यांच्या तोंडावर उडाले.

मला वाईट वाटले असे सांगितले, तर ते खोटे ठरेल.

आवाज ऐकून कुंपण ओलांडून सगळ्यात आधी आली ती रुखमिणी. तिने विमलाबाईंना ओढत न्हाणीत नेले आणि डोळ्यांवर पाणी ओतत राहिली. विमलाबाई तिचा हात झटकत होत्या.

"डोळे उघड वं," रुखमिणी म्हणाली. "राग मंग काढजो माह्यावर."

एक डोळा गेला. लगेच पाणी पडले म्हणून दुसरा वाचला, असे डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून आल्यावर विमलाबाईंनी भोंगा आणि माइक रुखमिणीच्या घरी पोहोचवायला सांगितले. स्वतः गेल्या नाहीत. रुखमिणीनेही निरोप धाडला नाही. मला भंगारात दिले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी पडून असेल, तर तिचे पाणी पाहा, अधूनमधून चार्ज करा, हवेशीर जागी ठेवा. फुगली असेल तर चार्जरला लावू नका, जाणकाराला दाखवा. आणि वापरायची नसेल तर ज्याला हवी त्याला देऊन टाका. पण कोणावर राग काढण्यासाठी आम्हाला कोंडू नका. आम्ही बाहेर येतो, तेव्हा जो समोर असेल त्याच्याच तोंडावर येतो.