तिसऱ्या ओळीचा मोघा

मित्रांनो, अवजारांच्या खोलीत दारामागच्या खुंटीला टांगलेली बांबूची पोकळ नळी दिसते ना, ती मी. वर बी सोडायची लाकडी वाटी, खाली तिरका छाट. मला मोघा म्हणतात. आता मी म्हातारा झालो आहे.

सुताराने मला एका दुपारात घडवलं. काम साधं होतं. पेरणीच्या पाभरीला तीन फण. तिसऱ्याचं बियाचं भोक मालक चिंधीने बंद करायचे. दोन ओळींत बाजरी पडायची आणि तिसऱ्या ओळीत, दोरीने मागे बांधलेल्या माझ्यातून, मालकीणबाई तीळ सोडायच्या. "एका घरात दोन सवती नांदवतोयस," असं शेजारी मालकांना म्हणायचा. एका वर्षी बाजरीचा दाणा भरायच्या वेळेला पाऊस गेला. कणसं पोचट राहिली, तीळ मात्र तगला. मालकीणबाईंनी शेजाऱ्याकडे तेलाची बाटली पाठवली आणि सोबत निरोप, धाकट्या सवतीकडून.

तेवीस पेरण्या मी त्यांच्या हातात होतो. माझ्या वाटीची कड त्यांच्या अंगठ्यापाशी झिजली आहे. मग त्या गेल्या. पुढच्या पेरणीला मालकांनी मला खाली काढलंच नाही. मागे चालायला माणूस नाही, म्हणाले, आणि तिन्ही ओळींत नुसती बाजरी पेरली. माझ्या नळीत कुंभारमाशीने घर केलं.

यंदा पेरणीच्या आदल्या दिवशी शहरात नोकरी करणारी लेक आली. तिने तार घालून माझ्यातली माती कोरून काढली. मालक म्हणाले, राहू दे, तुला जमायचं नाही. सकाळी तिने मला पाभरीला बांधलं.

आणि चूक केली. तीळ फार बारीक. मालकीणबाई एका मुठीत चार मुठी कोरडी वाळू मिसळायच्या, म्हणजे बी बेताने सुटायचं. लेकीला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. निम्म्या शेतातच तिची तिळाची पिशवी रिकामी झाली. मालकांनी बैल थांबवले. आता ते चिंधी काढून तिसऱ्या ओळीतही बाजरीच पेरणार, असं तिला वाटलं असावं. तिने मला घट्ट धरलं.

मालक मागे आले. रिकाम्या पिशवीत हात घालून त्यांनी तळ चाचपला.

"तुझ्या आईनं पहिल्या वर्षी हेच केलं होतं."

"मग?"

"मग काय. उरलेल्या शेतात मूग टाकला. आतल्या खोलीत मोठ्या डब्यात असेल बघ. तो जाड असतो, त्याला वाळू लागत नाही."

पुढे दाट उगवलेला तीळ विरळायला दोघांना तीन दिवस लागले. मूग सगळ्यांत आधी काढणीला आला. त्याखाली तण फारसं माजलंच नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारख्याला ओलीत टाकू नका. पेरणी झाली की तोंडाला फडकं बांधून टांगा, म्हणजे माशी शिरत नाही. आणि जे काम घरात एकाच हाताला येतं, ते तो हात असेपर्यंत विचारून घ्या.

यंदा माझ्या तोंडाला फडकं आहे. लेकीने बाजूच्या खुंटीला एक छोटी पिशवी अडकवली आहे. तिच्यात चाळलेली, कोरडी वाळू आहे.